जिप्सीच्या ट्रान्सफर केसचे गिअर: आधी हाय बघा, मग लो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही सुटले असेल तर सांगा. गाडी जिप्सी किंग, १.३ लिटर एमपीएफआय पेट्रोल, पाच गिअर. मूळचे २०५/७० आर १५ टायर काढून तुम्ही ३१ इंची घातलेत. आठवडाभर गाडी सोलापुरात फिरते, शनिवार-रविवार बार्शीकडच्या शेतावर जाते, आणि अधूनमधून मित्रांबरोबर ओढे-घळींत उतरते. टायर बदलल्यापासून पुणे रस्त्याला पाचवा गिअर ओढत नाही. खडकाळ चढणीला लो-फर्स्टमध्येही, म्हणजे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्येही, क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो आणि वास सुटतो. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सनंतर ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या आणि हाय-लो अशा दोन रेंज देणाऱ्या डब्यात, लोला ४.१६, ४.९ की ६.४ चा सेट घालावा, असे तुम्ही विचारले आहे. तुमचे मिस्त्री म्हणतात, ते सोडा, पुढच्या-मागच्या दोन्ही डिफची (डिफरन्शियलची) क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मुख्य गिअरची जोडी, बदला.

इथे दुखणी दोन आहेत. पाचवा गिअर न ओढणे हे हाय रेंजचे दुखणे, क्लच जळणे हे लो रेंजचे. विचारणारे बहुतेक जण लोचा आकडा विचारतात, कारण तो मोठा असतो आणि चारचौघांत सांगायला बरा वाटतो. पण गाडीचे बहुतेक किलोमीटर हायमध्ये पडतात, म्हणून मी निवड हायपासून सुरू करतो.

जिप्सीत हे जमते त्याला कारण आहे. बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांत हाय म्हणजे एकास एक, फिरणे सरळ पुढे जाते. जिप्सी ज्या सुझुकी एसजे४१३ घराण्यातली आहे, त्यातल्या ट्रान्सफर केसमध्ये हायलाही गिअर लागतो, १.४०९ चा. लो २.२६८ चा. आकडा म्हणजे चाकाकडच्या एका फेऱ्याला इंजिनाकडचे किती फेरे; तो मोठा झाला की गिअर उतरला किंवा कमी झाला म्हणतात. दोन्हीकडे ताकद काउंटर शाफ्टवरून (बाजूच्या मधल्या शाफ्टवरून) फिरून येते. त्यामुळे आतला सेट बदलला की सहसा दोन्ही आकडे हलतात. प्रचलित ४.१६ च्या सेटमध्ये हायसुद्धा सुमारे १२ टक्के उतरते, म्हणजे १.५८ च्या आसपास येते. कंपनीच्या टायरवर चालणाऱ्याला हा तोटा वाटेल. तुमच्या गाडीला मात्र नेमके तेच हवे आहे.

आता हिशेब. २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, ३१ इंचीचा ७८७. म्हणजे टायर बदलतानाच तुम्ही गाडीचे सगळे गिअर सुमारे १८ टक्क्यांनी लांब करून ठेवलेत. पाचवा गिअर ०.७९५, हाय १.४०९ आणि डिफ ३.७३ धरली, तर मूळ टायरवर ताशी ८० ला इंजिन मिनिटाला साधारण २,६५० फेऱ्यांवर फिरत होते. ३१ इंचीवर तेच २,२५० वर येते. हे इंजिन पूर्ण १०३ न्यूटन-मीटर ४,५०० ला देते. २,२५० वर पाचव्यात त्याच्याकडून चढ किंवा समोरचा वारा ओढला जाणार नाही, हे उघड आहे. हाय १.५८ झाले की त्याच वेगाला इंजिन २,५२० वर येते. मूळच्या अगदी बरोबरीला नाही, पण पाचवा पुन्हा कामाचा होतो.

लोचे गणितही त्याच पद्धतीने. पहिला गिअर गुणिले लो गुणिले डिफ: ३.६५ × २.२७ × ३.७३, म्हणजे सुमारे ३१. इंजिन ३१ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. ४.१६ घातला की हा आकडा ५६-५७ वर जातो, ४.९ ला ६६-६७, ६.४ ला ८७. ८०० च्या आयडलवर ३१ इंची टायरसह गाडी आत्ता ताशी ३.८ किलोमीटरने सरकत असेल. ४.१६ ला ती २.१ वर येईल, ४.९ ला १.८ वर, ६.४ ला १.४ वर. तुलनेला, नव्या जेबी७४ जिम्नीच्या मॅन्युअल गाडीचा हाच गुणाकार ३६ च्या आसपास येतो. म्हणजे कंपनीच्या टायरवरची जिप्सी फार मागे नव्हती, मोठ्या टायरने तिला मागे ओढले.

क्लच का जळतो तेही यातच दिसते. ४,५०० चा पूर्ण जोर लो-फर्स्टमध्ये वापरायचा म्हटले तर गाडी ताशी २१-२२ किलोमीटरने पळेल. त्या वेगाने खडकावर कोणी जात नाही. तुम्ही जाता ताशी चारच्या वेगाने, आणि तिथे इंजिन ८३० वर येऊन बंद पडायला लागते. मग पाय आपोआप क्लचवर जातो. ४.१६ घातल्यावर त्याच चालीला इंजिन १,५०० वर असेल. क्लचला पाय लावायची वेळच येणार नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावरून पुष्कळ पैसे वाया जातात. कमी गिअरने टायरची पकड वाढत नाही. माणसे-सामानासह गाडी १,२५० किलोची धरली आणि कोरड्या खडकावर पकडीचा गुणांक ०.७ धरला, तर चारही चाके मिळून साधारण ३,३५० न्यूटन-मीटर झेलतील, पुढे घसरतील. कंपनीच्या लोमध्येही पूर्ण जोराला, घर्षणाचे नुकसान सोडले तर, ३,२०० च्या आसपास मिळतात. ४.१६ ला ५,८०० होतात. म्हणजे यापुढची मर्यादा टायर ठरवतो. ६.४ घालून गाडी जास्त ओढेल हा गैरसमज आहे, ती फक्त जास्त सावकाश ओढेल. आणि एखादे चाक दोन दगडांत अडकले, फिरू शकले नाही, तर तो सगळा जोर शाफ्टवर येतो आणि काहीतरी तुटते.

तसेच, एक चाक हवेत राहून नुसते फिरते अशी तुमची तक्रार असेल, तर कोणताही गिअर सेट ती मिटवणार नाही. तिथे मागच्या डिफला लॉकर, म्हणजे दोन्ही चाके एकत्र जखडणारे साधन, लागतो. तुम्ही तसे लिहिलेले नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

इथून पुढे उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. सोलापूर जिल्ह्यात गाडी खडकावर किती आणि मातीत किती, हे तुम्हालाच ठाऊक. बार्शीकडे बालाघाटाच्या उतारांवर मुरूम आणि काळा खडक आहे, तिथे सावकाशपणा कामाला येतो. पण मोहोळ-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, वाफसा यायच्या आधी गाडी घातली, किंवा उजनीच्या फुगवट्याच्या काठच्या गाळात उतरवली, की खेळ उलटा होतो. ती चिकट माती टायरच्या खाचांत थापून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. खाचा मोकळ्या करायला चाक जोरात फिरावे लागते, म्हणजे माती उडून जाते. अशा वेळी फार कमी गिअर अडचण करतो. ४,००० वर ४.१६ च्या लो-थर्डमध्ये चाकाचा वेग ताशी २७ किलोमीटर होतो, फोर्थमध्ये ३८. ६.४ ला थर्डमध्ये १७-१८, फोर्थमध्ये २५. म्हणजे ६.४ वाला चिखलात चौथ्यात गाडी तापवत बसेल, आणि सुटायला पाचवा शोधेल.

४.१६ मध्ये आणखी एक सोय आपसूक मिळते. लो-थर्ड आणि हाय-फर्स्ट जवळपास सारखे पडतात, दोन्हींचा गुणाकार २१-२२. म्हणजे लोचे पहिले दोन गिअर हायच्या खाली जास्तीचे मिळतात आणि मध्ये भोक पडत नाही. ६.४ मध्ये हाय मूळचेच राहिले तर लो-फोर्थसुद्धा हाय-फर्स्टच्या खालीच राहतो. सलग दगडांच्या रानात, दिवसभर चालीच्याही खाली गाडी चालवणाऱ्याला ते बरोबर आहे. शेतावर जाणाऱ्याला नाही.

उन्हाळ्याचाही विचार करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. ताशी दीड किलोमीटरने सरकणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा जवळजवळ नसतोच, सगळे काम पंख्यावर. जितका गिअर कमी, तितका वेळ तुम्ही त्या चढणीवर जास्त.

या सगळ्याचा अर्थ, तुम्ही सांगितलेल्या वापराला ४.१६. ४.९ चुकीचा नाही, पण तो घ्यायचाच असेल तर हाय किती उतरते ते विकणाऱ्याकडून आधी लेखी घ्या, बनावटीप्रमाणे त्यात फरक असतो. ६.४ तुमच्यासाठी नाही.

मिस्त्रींचे म्हणणे टाकाऊ नाही, तेही ऐका. क्राऊन-पिनियन बदलली तर हाय-लो दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात, टायरची भरपाई नीट होते, आणि प्रोपेलर शाफ्टवरचा (ट्रान्सफर केसकडून डिफकडे जाणाऱ्या दांड्यावरचा) भार कमी होतो, कारण वेग कमी करण्याचे काम शाफ्टच्या पुढे होते. पण पुढची आणि मागची दोन्ही डिफ एकाच गुणोत्तराची करावी लागतात. नाहीतर फोर-व्हीलमध्ये दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात. सेट दोन, मजुरी दुप्पट, आणि बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) व दातांची छाप बसवणारा खरा हात हवा. आणि लो-फर्स्ट एवढ्याने फार खाली जात नाही. १८ टक्के भरपाई केली तर क्लचचे दुखणे मूळ गाडीइतके कमी होईल, त्याहून जास्त नाही. फक्त हमरस्त्याचीच तक्रार असती तर मी मिस्त्रींच्या बाजूने असतो.

पैसे कमी असतील तर मधला रस्ता आहे. जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीत, एमजी४१० मध्ये, ट्रान्सफर केसचे गिअर हायला १.५८ आणि लोला २.५१ चे आहेत. म्हणजे तुमच्या हायचा प्रश्न भंगारातल्या सेटने सुटतो, आणि लो-फर्स्ट ३१ वरून ३४ वर जातो. ३१ इंची टायर धरून ही गाडी जवळजवळ कंपनीतून निघाली तशी चालेल. घेताना इनपुट, काउंटर आणि आउटपुटवरचे गिअर एकाच डब्यातले, पूर्ण घ्या, जोड्या तोडू नका. दाताच्या तोंडावर खड्डे पडलेत का ते उन्हात धरून बघा, बोटाच्या नखाला लागले तरी तो गिअर नको. फ्लँजची भोके आणि हँडब्रेकची मांडणी आपल्या डब्याशी ताडून बघा, जुन्या काही डब्यांच्या मागे हँडब्रेकचा ड्रम असतो.

एक सल्ला कोणीतरी देईलच: लेथवर गिअर पाडून घेऊ, एमआयडीसीत होतात. आकार होईल, प्रश्न धातूचा आहे. ईएन-८ चा गिअर नुसता पाडून घातला तर काही दिवसांत दाताची धार जाते. या कामाला २०एमएनसीआर५ किंवा ईएन-३५३ सारखे केस-हार्डनिंगचे स्टील लागते. वरचा थर ५८ ते ६२ रॉकवेल कडक, आतला गाभा चिवट, आणि उष्णतेने वाकलेला दात नंतर ग्राइंडिंगने सरळ करावा लागतो. दात तिरपे असतात, त्यामुळे गिअर चालताना बाजूलाही ढकलतो. तिरपेपणाचा कोन चुकला तर तो धक्का थ्रस्ट वॉशरवर येतो. पुणे-कोल्हापुरात हे सगळे एका छताखाली करणारे आहेत, पण एका सेटसाठी तयार सेटपेक्षा स्वस्त पडत नाही.

कुठलाही सेट मागवण्याआधी तुमची डिफ मोजा. वरचे सगळे गणित ३.७३ वर आहे, या घराण्यात ३.९१ सुद्धा आढळते, आणि जुन्या गाडीत कोणी काय बदलून ठेवलेय सांगता येत नाही. मागचे एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्या तिन्हींना पुढून-मागून दगड लावा, गिअर आणि ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रलला. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. चाक २० वेळा फिरवा. शाफ्ट साधारण ३७ फेरे घेतो तर ३.७३, ३९ घेतो तर ३.९१. एकच चाक फिरतेय म्हणून २० फेऱ्यांना अर्ध्याचा हिशेब येतो, हे विसरू नका, नाहीतर डिफ १.९ ची निघेल.

काय तुटते ते आता. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मध्ये छोटा शाफ्ट आहे आणि डबा तीन रबरी माउंटिंगवर लटकतो. गिअर कमी केला की त्या छोट्या शाफ्टवर काही जास्त येत नाही, तो ट्रान्सफरच्या आधी आहे. जास्त येते ते डब्यालाच: आउटपुट जितक्या जोराने फिरवतो, त्यातून इनपुटचा जोर वजा जाता उरेल तितक्या जोराने डबा उलटा फिरू बघतो. रबरे फाटतात, मग डब्याचा कास्ट हात तुटतो, आणि तो पडला की शाफ्ट सगळे खालून झोडपतो. म्हणून ४.१६ सोबत कडक माउंटिंग हवीच, नंतर बघू असे नाही. ती घातल्यावर केबिनमध्ये गुणगुण वाढेल, ते चालते. मग पाळी येते मागच्या शाफ्टच्या क्रॉसची (युनिव्हर्सल जॉइंटची) आणि पुढच्या चाकातल्या बर्फील्ड जॉइंटची, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला फिरवणाऱ्या सांध्याची. बर्फील्ड तुटतो तो जवळजवळ नेहमी स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना अॅक्सिलरेटर दाबल्याने. लोमध्ये असताना अडकलात तर स्टिअरिंग आधी सरळ करा, मग पाय ठेवा. काळ्या रानात आधी टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवून बघा, अर्ध्या वेळा गिअर सेट बदलायची गरजच पडत नाही. डांबरीवर यायच्या आत पुन्हा भरा.

बसवायचे काम एका दिवसाचे आहे, घाई केली तर दोनदा करावे लागते. तेल गरम असताना काढा. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खुणा करा, नाहीतर क्रॉसची दिशा चुकते आणि ६० च्या पुढे गाडी थरथरते. शिफ्टरच्या दांड्या काढताना आतल्या गोळ्या आणि स्प्रिंग उडतात, भोकावर फडके धरा. काउंटर गिअर नीडल बेअरिंगवर फिरतो. डबा उघडलाच आहे तर नीडल बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, सगळी बेअरिंग आणि ऑइल सील नवीनच घाला, जुन्यावर नवा गिअर बसवणे म्हणजे नव्या धोतराला जुने ठिगळ. मग सीलंट न लावता डबा एकदा कोरडा जोडा आणि हाताने फिरवा. मोठा गिअर आतल्या भिंतीला घासत असेल तर आवाज येतो आणि चकाकणारी जागा दिसते. तेवढी जागा ग्राइंडरने घ्या, पूर्ण धुवा, मगच सीलंट. कास्टिंगचा कीस आत राहिला तर पहिला बळी नीडल बेअरिंगचा.

डबा टेबलावर असतानाच सेट खरा आहे का ते मोजा. लोमध्ये आउटपुट पाच वेळा फिरवला की ४.१६ ला इनपुट २०.८ वेळा फिरला पाहिजे, जुन्या गिअरला ११.३ वेळा फिरत होता. हाय, न्यूट्रल, लो, तिन्ही जागी लिव्हर नीट बसतो ना, मधेच सुटत नाही ना, हेही इथेच बघा, गाडीखाली झोपून नाही. फ्लँजचे नट इम्पॅक्ट गनने नाही, टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्याला.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफरच्या आउटपुट बाजूला आहे, म्हणून हा सेट घातल्याने काटा चुकणार नाही. पण ३१ इंची टायरने तो आत्ताच चुकतोय. खरा वेग काट्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त आहे. काटा ६८ दाखवतो तेव्हा तुम्ही ८० ला असता. टायरचा विषय निघालाच आहे तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून ठेवा आणि विमा कंपनीला बदल कळवून ठेवा.

तेल ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, सुमारे ८०० मिलिलिटर, गाडी सपाट उभी करून लेव्हलच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. ओढ्यांत उतरता म्हणून ब्रीदरला (डब्यात हवा येण्याजाण्याच्या भोकाला) नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधा. गरम डबा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. पहिले ५०० किलोमीटर भार देऊ नका, नंतर तेल काढा. चुंबकी प्लगवर राखाडी लेप दिसला तर ठीक, तो गिअर रुळतानाचा. चकाकणारे कण किंवा खवले दिसले तर डबा पुन्हा उघडा. तेल ताकासारखे पांढरे निघाले तर आधी ब्रीदरची नळी तपासा. आणि त्याच दिवशी माउंटिंगचे बोल्ट परत आवळा, नवी माउंटिंग पहिल्या काही दिवसांत बसतात आणि बोल्ट ढिले पडतात.